अंगठ्याखालचा आकडा

काकू,

तुम्ही गेलात त्या बुधवारी दुपारी छोट्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि एवढंच विचारलं, "रजनीताईंचं प्रेशर रोज सकाळी तुम्ही घेत होता ना? किती असायचं?"

"नॉर्मल, सर," मी म्हटलं. "एकशेतीस-ऐंशी."

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "डोक्यात रक्तस्राव झाला त्यांच्या. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या पुढं होता. इतकं प्रेशर एका सकाळीत चढत नाही सहसा." आणि मी दाराकडं वळल्यावर, "तुमची वही दाखवा एकदा. संस्थेत द्यायच्या आधी."

तेव्हापासून ती कोर्सची नोंदवही माझ्या पिशवीत आहे आणि मी रोज सांगते, घरी राहिली सर. पण संस्थेनं दिलेली मुदत परवा संपते. उद्या त्यांची सही घ्यावीच लागणार. ही वही पास झाली तर मला क्लिनिक असिस्टंटचा कागद मिळणार, नाहीतर वर्ष गेलं. आज तुमची तेरवी झाली. कढी-वडे जेवून आले आणि जेवणाचा हात धुतल्यावर पहिल्यांदा वाटलं, आता तुमच्याशी नीट बोलायला हवं. सरळ विचारते. तुम्ही मला फसवलंत का?

काकू, वाईट वाटून घेऊ नका. संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत.

पहिल्या दिवशी मी संस्थेचं पत्र घेऊन आले तेव्हा तुम्ही सुया मोजत होतात. छोटे डॉक्टर म्हणाले, "रजनीताई, यांना सहा महिने तुमच्या हाताखाली ठेवतोय, तयार करा." तुम्ही मला चपलेपासून भांगापर्यंत बघितलंत. ते आत गेल्यावर म्हणालात, "कुठची वं तू?"

"गगनबावड्याकडची. कोल्हापूरच्या."

"अवं माय! इतक्या दूरून काऊन आली? शिकाले आली का माही खुर्ची पाहाले आली?"

आणि हसलात. मी पण हसले. तुम्ही थट्टा केली की खरंच विचारलं, ते मात्र मला कळलं नाही. कारण खुर्चीचं खरंच होतं. संस्थेतल्या बाईंनी मला आधीच सांगितलेलं, तिथं जागा होणार आहे, जुन्या बाईंकडं कागद नाही. तुम्ही सातवी शिकून आष्टीहून आलेल्या. मोठ्या डॉक्टरांनी हाताला धरून शिकवलं, आणि तीस-बत्तीस वर्षं दवाखाना तुमच्या हातावर चालला. पेशंट तुम्हाला सिस्टर म्हणायचे. आता मोठे डॉक्टर थकले आणि छोट्यांना कागदवाली हवी होती. मी नववीत शाळा सोडलेली, लग्नानंतर अठ्ठाविसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढलेली. नवऱ्याची गाडी इकडं वर्ध्यात चालायला लागली म्हणून बोरगाव मेघेत एका खोलीत आलेली. माझ्याकडं कागद होणार होता, अक्कल नव्हती. तुमच्याकडं अक्कल होती, कागद नव्हता. दोघींना ते ठाऊक होतं आणि दोघी त्यावर कधी बोललो नाही. तुम्ही मला "ए कोल्हापूर" म्हणायला लागलात आणि मी तुम्हाला काकू.

पहिला धडा नावाचा होता. मी कार्ड बघून हाक मारली, "शांताबाई का?" समोरच्या म्हातारीनं मान हलवली. तुम्ही माझ्या हातातून कार्ड काढून घेतलंत.

"नाव आपून सांगाचं नाई. तिच्या तोंडून काढाचं. आजी, नाव सांगजो तुमचं."

"कौसल्या."

"मंग मान काऊन हालवली?"

"पोरीनं इतक्या लाडानं इचारलं, नाई कसं म्हनू?"

सगळा बाक हसला. तुम्ही नाही हसलात. मला बाजूला घेऊन म्हणालात, "लोक खोटं नाई बोलत, पन खरंही नाई बोलत. आपल्याले बरं वाटावं असं बोलते. इस्वास ठेवजो देवावर, पेशंटवर नको."

मग ते केळझरचे आजोबा. उपाशीपोटी शुगर तपासायची होती. मी विचारलं, सकाळपासून काही खाल्लं? म्हणाले, छे, उपाशी आहे. मी चिठ्ठीवर तसं लिहायला घेतलं तर तुम्ही मागून, "बाबा, आज चतुर्थी हाय ना?"

"हो ना सिस्टर. देवळात जाऊनच आलो. कडक उपास हाय."

"मंग साबुदाण्याची उसळ केली असन सूनबाईनं."

"केलती. चांगली झालती."

"अन् चहा?"

"चहाले का होते उपासाले?"

तुम्ही त्यांना हात जोडून परत पाठवलंत, उद्या या, उपास नसताना उपाशी या. ते गेल्यावर मी हसत सुटले आणि तुम्ही म्हणालात, "हासतं काय? तू 'उपाशी' लिवून टाकलं होतं. डॉक्टरनं त्याच्यावर गोळी वाढवली असती." चिठ्ठीवर माझं 'उपाशी' होतंच. मी पेनानं गिरवून गिरवून काळं करायला लागले. तुम्ही माझं मनगट धरलंत. आजपर्यंत कुणी इतक्या जोरात धरलं नव्हतं.

"असं काळं कराचं नाई. कधीच नाई. खोडाचं तर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले नवं लिवाचं, तारीख, सही. चुकलो त दिसू दे चुकलो म्हणून. काळं केलं की लोक समजते, हिनं काहीतरी लपवलं."

हे वाक्य मी या तेरा दिवसांत किती वेळा आठवलं असेल, काकू. काहीतरी लपवलं.

दुसरं तुमचं होतं ते 'असन'चं, म्हणजे आमच्याकडच्या 'असेल'चं. पेशंट म्हणाला, ताप असन, थकवा असन, कालच्या मिरचीनं जळजळ असन, तर तुम्ही म्हणायच्या, "असन लिवाचं नाई. असन म्हटलं की पाहाचं." थर्मामीटर लावायच्या, नाडी बघायच्या, आणि मगच आकडा.

तुमच्या हाताचं आता सांगते. हे इतक्यांदा मनात झालंय की सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. नऊला शटर वर जायचं, पेशंट साडेनऊपासून. त्या अर्ध्या तासात तुम्ही पदर सारून डावा हात टेबलावर ठेवायच्या, तळवा वर. "घे. माह्या हातावर शीक. पेशंटच्या हातावर शिकशीन त शिव्या खाशीन." दवाखान्यात ते जुनं पाऱ्याचं यंत्र होतं. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, कोपराच्या वळणावर नळीचं तोंड दाबून धरायचं आणि पारा हळू खाली सोडायचा. कानात पहिला ठोका येतो तो वरचा आकडा. ठोके विझतात तो खालचा. पहिले चार दिवस मला माझ्याच काळजाचे ठोके ऐकू आले. पाचव्या दिवशी तुमचे आले. इतके स्पष्ट, जणू कुणी दारावर टकटक करतंय.

"एकशेचौसष्ट, शंभर," मी म्हटलं. मला इतका आनंद झालेला.

"चूक."

तुम्ही हातसुद्धा हलवला नाहीत. "पट्टा ढिला बांधला तू. माहं एकशेतीस-ऐंशी असते. लिव."

मी वहीत १६४/१०० लिहिलं होतं. त्यावर एक रेघ ओढली, बाजूला १३०/८० लिहिलं, तारीख, सही. तुमच्याच पद्धतीनं. पान भरल्यावर खाली तुम्ही सही करायच्या, मोठी, शाळेतल्यासारखी, प्रत्येक अक्षर सुटं.

मग रोज तेच. एकशेअडुसष्ट. चूक. एकशेसत्तर. चूक, तू घाई करून राह्यली. एकशेबहात्तर. चूक, यंत्र पहिले पाह्य. मी घरी नवऱ्याला सांगितलं, ही बाई मला मुद्दाम चुकवते, मी नापास झाले की तिची खुर्ची राहते. तो म्हणाला, मग माझं घे. घेतलं. शेजारणीचं घेतलं, तिच्या सासूचं घेतलं. दवाखान्यात पेशंटचं घ्यायची तेव्हा छोटे डॉक्टर कधीकधी मागून स्वतः बघायचे आणि मान हलवायचे, बरोबर. अख्ख्या वर्ध्यात माझे कान फक्त एका हातावर बिघडत होते.

तेव्हा मला वाटलं ते एवढंच, की तुम्ही माझ्या वाईटावर आहात. दुसरं काही असू शकतं हे डोक्यात आलंच नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं प्रेशर बघणाऱ्या बाईला स्वतःचं असू शकतं, ही साधी गोष्ट मला सुचली नाही. डब्यातून तुम्ही लोणचं वेगळं काढून मला द्यायच्या. जिना चढताना मध्येच थांबून खाली रस्त्यावर काहीतरी बघितल्यासारखं करायच्या. एकदा तुमच्या पाकिटातून सुट्टे काढताना गोळ्यांची एक पट्टी खाली पडली. दोन-तीनच गोळ्या काढलेल्या, कागद पिवळा पडलेला. मी उचलून दिली. "माह्या जावेची हाय," म्हणालात. मी 'असन' म्हटलं आणि पुढं बघितलं नाही.

मग दिवाळीनंतर बाबांना चक्कर यायला लागली. आई फोनवर रडत होती आणि मी तेराशे-चौदाशे मैल लांब असल्यासारखी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. नकाशावर तितकं नसेल, पण दोन गाड्या बदलून एक रात्र आणि एक दिवस लागतो आमच्याकडं जायला. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात.

"नमस्कार वैनी. मी रजनी बोलून राह्यली, वर्ध्याहून. गोळ्या कोनत्या चालू हायेत?"

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "एक पांढरी हाय बघा, एक गुलाबी, आन् एक परत पांढरीच, जरा बारकी."

"रंग नका सांगू. पाकिटावर बारीक अक्षरात का लिवलं हाय ते वाचा."

"मला न्हाई ओ दिसत बारीक."

"मंग शेजारून कोनाच्या सुनेले बोलवा. मी थांबते."

आणि तुम्ही थांबलात. समोर सात पेशंट. शेजारची सून आली, तिनं एकेक अक्षर लावून वाचलं, आणि तुम्ही कार्डाच्या मागं लिहून घेतलंत. दोन पाकिटांवर मोठी नावं वेगळी, बारीक नाव एकच. दोन डॉक्टरांनी दिलेलं प्रेशरचं एकच औषध, बाबा दोन्ही घेत होते. तुम्ही म्हणालात, "वैनी, मी डॉक्टर नाई. गोळी बंद करा असं मी नाई म्हनत. पन दोन्ही पाकिटं घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा अन् दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवा. तोंडी सांगू नका. ठेवा."

बाबांची चक्कर थांबली. आई अजून विचारते, त्या वर्ध्याच्या बाई कशा हायत. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

फोन परत देताना तुम्ही म्हणालात, "प्रेशरच्या मानसाले कोनी काही इचारत नाई वं, कारन त्याले काही दुखत नाई." मी तुमच्या पाया पडले. दोन महिने मी तुमच्यावर संशय घेतला त्याची मला त्या दिवशी लाज वाटली. आता कळत नाही, लाज कशाची वाटायला हवी होती. औषधाचं बारीक नाव तुम्ही वाचून व्हायच्या आतच ओळखलं होतं. सुनेनं अर्धंच वाचलं आणि पुढचं तुम्ही पुरं केलंत. तुमच्या पाकिटातल्या पट्टीवर तेच नाव होतं का, काकू? मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

आपलं भांडण झालं ते संक्रांतीनंतर. त्याला भांडण म्हणावं का, दोन वाक्यं तर झाली. मी पारा खाली सोडला आणि एकशेचौऱ्याऐंशीला टकटक सुरू झाली. मी पट्टा सोडला, पाच मिनिटं थांबले, परत बांधला. परत तेच. सांगितलं. तुम्ही म्हणालात, चूक.

मला काय झालं कुणास ठाऊक. म्हटलं, "काकू, नळी माझ्या कानात होती. ठोका तुम्हाला कसा कळला?"

तुम्ही स्वतःच दंडाचा पट्टा सोडलात. बाहेर कुणीतरी चप्पल काढून आत यायची वाट बघत होतं.

"मंग लिव ना," तुम्ही म्हणालात. "तुले आयकू आलं ते लिव. मी सांगते म्हणून काऊन बदलवतं?"

आकडा लिहिलेला होता. वर पेन धरून मी किती वेळ बसले! मला वाटलं हा सापळा आहे. हा आकडा तसाच ठेवला तर डॉक्टरांना सांगाल, पोरगी ऐकत नाही, उद्धट आहे, कागद घेऊन आली आणि डोक्यावर बसली. नववीत शाळा सुटलेल्या बाईनं बत्तीस वर्षांच्या सिस्टरला खोटं ठरवलं, हे ऐकून घेईल कोण? आणि दुसरं, ते तर मला आज कळतंय, मला तुम्ही हव्या होतात. इथं माझं दुसरं कोण होतं? मी रेघ ओढली. १३०/८०.

तुम्ही वही ओढून घेतलीत. त्या रेघेवरून बोट फिरवलंत. सही केलीत आणि म्हणालात, "शिकली तू. पन लय भेतं."

त्या वाक्याचा मी रोज वेगळा अर्थ लावते. कधी वाटतं, तुम्ही मला शेवटची संधी दिली होती, आकडा ठेव, मग मी जाते डॉक्टरकडं. कधी वाटतं, तुम्ही फक्त खात्री करून घेतलीत की ही बोलणार नाही. माणूस मेल्यावर त्याचं चांगलं तेवढं आठवावं म्हणतात. मला जमत नाही. तुम्हीच लावलेली खोड आहे, असन म्हटलं की पाहाचं.

आज तेरवीला पाहिलं.

तुमची वैशालीताई मला पहिल्यांदाच भेटली. आष्टीहून आलेली, चेहरा सगळा तुमचा, फक्त केस काळे. पंगत उठल्यावर तिनं मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि माझा हात धरून बसली. म्हणाली, "तुम्ही होत्या म्हणून आमाले निर्धास्त वाटे. मी आईले किती म्हने, एकदा तपासून घे, आपल्या घरात हाय प्रेशर, मामा त्याच्यानंच गेलते. त आई म्हने, माह्यं प्रेशर कोल्हापूर रोज पाह्यते, लिवून ठेवते. अन् फोटो पाठवे."

"कसला फोटो?"

तिनं मोबाईल काढला. काकू, माझी वही. पानाची फक्त शेवटची ओळ, माझं अक्षर, आखलेला रकाना, १३०/८०, खाली तुमची सुट्या अक्षरांची सही. मी आधी फक्त माझं अक्षर बघत होते. चांगलं दिसत होतं फोटोत. मग बाजूला अंगठा दिसला. पान धरायला ठेवलेला, नखाजवळ ती पांढरी खूण, इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना कापलेलं तुम्ही मला दाखवलेलं. वैशालीताई बोट सरकवत गेली. दुसरा फोटो. तिसरा. दर आठवड्याला एक. सगळ्यात १३०/८०, सगळ्यात तो अंगठा, आणि सगळ्यात तो नेमका खोडलेल्या आकड्यावर.

तेव्हा मला कळलं. पट्टा ढिला नव्हता. मी घाई करत नव्हते. पारा बरोबर होता.

तुम्हाला सांगते मला सगळ्यात आधी काय वाटलं. दुःख नाही. राग पण नाही. मला वाटलं, म्हणजे मला येतं. सहा महिने मला येत होतं. तुमच्या तेरवीच्या घरात, तुमच्या मुलीच्या शेजारी बसून मला हे वाटलं, आणि त्याची शरम मी कुठं ठेवू ते सांगा. राग नंतर आला, बोरगावच्या रस्त्याला. मी शिकत नव्हते, मी तुम्हाला कागद करून देत होते. ज्या बाईनं मला सांगितलं कोणावर इस्वास ठेवू नको, तिनं माझ्या भित्रेपणावर इतका भरवसा ठेवला.

वैशालीताईला मी तिथं काही बोलले नाही. ती कपाळ दाबत होती. म्हणाली, "दोन दिवसापासून डोकं लय दुखून राह्यलं. रडण्यानं असन."

असन.

"उद्या दवाखान्यात या," मी म्हटलं. "मी प्रेशर बघते."

"मले का होते वं? पस्तिशीत?"

"येजो ताई," मी म्हटलं. "आष्टीला जायच्या आधी येजो." तुमची भाषा पहिल्यांदा माझ्या तोंडातून आली. ती हसली, डोळे पुसून, आणि हो म्हणाली. पण मान हलवलेली मी आता धरत नाही. सकाळी फोन करून घेऊन येईन.

वर्गातल्या पोरी म्हणतात, नवी वही घे, सगळं स्वच्छ उतरवून काढ, आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. मेलेल्या माणसाचे आकडे कोण तपासतंय? दुकानातून नवी वही आणलीही होती मी. आत्ता ती कोरीच बाजूला ठेवली आणि जुनी उघडली. संस्थेला हव्यात तेवढ्याच शंभर नोंदी, रोजचं सगळं वहीत घेतलेलं नाही. त्यातल्या एक्केचाळीस तुमच्या हाताच्या. मी फक्त रेघेखालचे आकडे एका खाली एक वाचत गेले. कान चुकत असते तर आकडे इकडं तिकडं उडाले असते. हे तसे नाहीत. एकशेचौसष्ट, अडुसष्ट, सत्तर, बहात्तर, मध्ये एकदा थोडे उतरलेले, बहुतेक ती जावेची गोळी घेतलेल्या आठवड्यात, मग चौऱ्याऐंशी, नव्वद. शेवटचा मंगळवारचा, एकशेशहाण्णव, एकशेबारा. त्या पानावर तुमची सही नाही. ती बुधवारी होणार होती.

एवढं एक मला समजत नाही, काकू, आणि आता समजणारही नाही. लपवायचंच होतं तर मला काळं का करू दिलं नाहीत? एका शब्दानं सांगितलं असतं, पान फाड, तरी मी फाडलं असतं. पण चिठ्ठी असो, वही असो, माझं मनगट धरून तुम्ही रेघ एकच ठेवायला लावलीत. सवय होती की तुम्हाला वाटत होतं कुणीतरी कधीतरी खालचं वाचेल? दुसरं खरं असावं असं मला वाटतं. म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

मी पेन घेतलं. प्रत्येक १३०/८० वर एक रेघ ओढली, सरळ, तुमचं खोटंही वाचता येईल अशी. बाजूला पहिला आकडा परत लिहिला, आजची तारीख, माझी सही. एक्केचाळीस वेळा. शेवटी खाली लिहिलं, पहिला आकडा मी स्वतः ऐकलेला आहे, सांगण्यावरून बदलला होता, ती चूक माझी. संस्था नापास करेल का, डॉक्टर काय म्हणतील, "तुम्हाला ऐकू येत होतं आणि तुम्ही गप्प बसलात" असं म्हणतील का, हे मला माहीत नाही. म्हणतील तर खरंच म्हणतील. मला आत्ताही भीती वाटते. भेतं, हे तुमचं बरोबर होतं.

उद्या वही त्यांच्या टेबलावर ठेवीन. तोंडी सांगणार नाही, ठेवीन. पान उघडून देईन आणि दोन्ही हात मागं घेईन.